कोठीतली डाळ आणि शीटमधली डाळ : ताळा का जमत नाही?

महिनाअखेरीला आमच्या दुकानात ठरलेला संवाद होतो. मी शीट उघडून म्हणते, "काका, दोन नंबरच्या कोठीत चणाडाळ १३० किलो आहे." काका म्हणतात, "असेल." दोन-तीन दिवसांत कोठी रिकामी होते. मधली विक्री धरून हिशेब केला की निघते ८८. मग काका शांतपणे म्हणतात, "तुझ्या कॉम्प्युटरला उरलेली डाळ सापडली तर आणून दे गं."

हे दीड वर्ष चाललं. आता बरंचसं सुटलंय, म्हणून लिहून ठेवतेय. ज्यांच्याकडे धान्य, डाळी, पीठ सुटं कोठ्यांत असतं आणि साठा काठीनं मोजून शीटमध्ये उतरवला जातो, त्यांच्याकडे यातलं काही ना काही नक्की चुकत असणार.

आधी आमची मांडणी सांगते. दुकान परळ-लालबागच्या सीमेवरचं, जुन्या चाळीच्या तळमजल्यावरचं. माल वाशीच्या दाणा मार्केटमधून टेंपोनं येतो. आठ पत्र्याच्या कोठ्या लोखंडी घोडीवर उभ्या आहेत, कारण मुंबईत जमीन महाग आणि हवा फुकट. प्रत्येक कोठी वर गोल, सरळ, ९० सेंटिमीटर उंचीची. तिच्या खाली ३० सेंटिमीटरचं नरसाळं आणि नरसाळ्याच्या तोंडाला सरकती झडप. आतला व्यास ६० सेंटिमीटर. वरून गोणी ओतायची, खालून झडप ओढून माल काढायचा.

सगळा माल तोलून का बघत नाही, असं कोणी ना कोणी विचारतंच. आठ कोठ्या रिकाम्या करून, तोलून परत भरायच्या म्हणजे अख्खा दिवस जातो आणि दोन माणसं अडकतात. तेवढा वेळ दुकान बंद ठेवणं परवडत नाही. पण आकडा तर लागतोच. बँकेच्या सीसी खात्यासाठी, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कॅश क्रेडिट कर्जासाठी, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. शिवाय जून २०२३ मध्ये केंद्रानं तूर आणि उडीद यांच्यावर साठामर्यादा घातली होती, किरकोळ दुकानाला प्रत्येक डाळीचे ५ टन. आम्ही त्या मर्यादेच्या आसपासही नव्हतो, पण तेव्हापासून काकांना वाटतं की कोणी विचारलं तर छातीठोक आकडा सांगता यावा.

आमच्या आधीच्या हिशेबनिसानं यावर एक उपाय करून ठेवला होता. शीटच्या शेवटच्या रकान्यात सगळ्या आकड्यांना ०.९ नं गुणलं होतं आणि वर मथळा दिला होता, 'तूट'. एखाद्या महिन्यात त्यानं जमायचं, पुढच्या महिन्यात पुन्हा बोंब. मी ०.८५ करून पाहिलं, मग ०.८ केलं. एका कोठीचं जमलं की दुसरीचं बिघडायचं. आता कळतंय की तो रकाना चूक दुरुस्त करत नव्हता, चुकीला पांघरूण घालत होता. तुमच्या शीटमध्ये असा एखादा गुणाकार असेल तर पहिलं काम म्हणजे तो काढून टाका. आकडे महिनाभर वाईट दिसतील, दिसू द्या.

आणि फरक किती आहे एवढंच बघू नका, तो कसा वागतो ते बघा. मी एक वेगळं पान केलं. कोठी रिकामी झाली की त्यात तारीख लिहायची, शीटनं सांगितलेला आकडा, खरा निघालेला आकडा, मोजताना कोठी किती भरलेली होती, शेवटची भरणी कधी झाली आणि काठी कोणी घातली. तीन महिन्यांत अठ्ठावीस नोंदी झाल्या. त्यांच्याकडे बघितल्यावर दिसलं की आमच्याकडे एक चूक नव्हतीच. चार होत्या, एकमेकींच्या आड लपलेल्या.

फरक नेहमी तेवढाच : नरसाळं

चणाडाळीच्या कोठीत माल कमी असो वा जास्त, शीट सरासरी चाळीसेक किलो जादाच दाखवत होतं. फरक मालाच्या प्रमाणात असता तर समजण्यासारखं होतं. पण माल कितीही असो आणि फरक ठरावीकच, याचा अर्थ चूक कोठीच्या तळाशी बसलेली आहे.

झालं होतं असं की शीटमध्ये कोठीची उंची १२० सेंटिमीटर धरली होती, सरळ भाग ९० आणि नरसाळं ३०. सगळ्याला एकच सूत्र, त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले उंची. म्हणजे शीटच्या लेखी ती खालपर्यंत सरळ टाकी होती. ३० सेंटिमीटर सरळ टाकीत जवळजवळ ८५ लिटर, म्हणजे चणाडाळीचे ६८ किलो बसतात. नरसाळं तर निमुळतं होत जातं.

नरसाळ्याचं सूत्र आहे, शाळेत शंकूछेद शिकवतात तेच. पण मी ते वापरलं नाही. झडप बंद करून रिकाम्या कोठीत नरसाळ्याच्या वरच्या जोडापर्यंत डाळ भरली, मग झडप उघडून शिक्का मारलेल्या काट्यावर तोलली. २६ किलो भरली. अडुसष्टमधून सव्वीस गेले, राहिले बेचाळीस. काकांची हरवलेली डाळ इथे सापडली. पहिल्या ओळीतल्या १३० आणि ८८ मधलं अंतरही नेमकं तेवढंच आहे.

२६ किलो हा आकडा फक्त चणाडाळीचा. दुसऱ्या मालासाठी तो लिटरमध्ये करून ठेवा. आमची चणाडाळ लिटरला ०.८ किलो भरते, म्हणून नरसाळं साडेबत्तीस लिटरचं. शीटमध्ये आता सरळ भागाचे लिटर अधिक ३२.५, आणि त्या बेरजेला मालाच्या लिटरच्या वजनानं गुणायचं.

माल नरसाळ्यात उतरला असेल तर मात्र काठी घालूच नका. तिथे निम्म्या उंचीपर्यंत डाळ आहे म्हणून निम्मी डाळ उरली असं वाटतं, पण आमच्या नरसाळ्यात १५ सेंटिमीटरला पाच किलोसुद्धा निघत नाही. जुनं शीट तिथे ३४ म्हणायचं. तेवढा माल परातीत काढून तोलायला पाच मिनिटं लागतात. सूत्रात 'इफ' घालून पातळी जोडाच्या खाली गेली की आकड्याऐवजी 'तोला' असा शब्द यावा एवढंच मी केलं.

कधी जास्त, कधी कमी : शीग

ही चूक पकडायला सर्वांत जास्त वेळ गेला, कारण हिला नियम नाही असं वाटायचं. त्याच कोठीत, त्याच डाळीत, एकदा वीस किलो जास्त तर एकदा वीस किलो कमी.

माझी आजी कोकणातली. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ सालचा, पण ती अजूनही भात पायलीनं सांगते, चार शेरांची एक पायली. लहानपणी तिला भात मापताना बघितलंय. पायली भरली की काठाच्या वर टोकदार ढीग उभा राहायचा. ती शीग. शीग लावून द्यायचं की हात फिरवून सपाट द्यायचं, यावर गावात भांडणं व्हायची. मापात पाप म्हणतात ते बहुतेक वेळा या शिगेतच असतं. आमच्या कोठीतही तेच पाप होतं, फक्त साठ सेंटिमीटर रुंद.

गोणी मधोमध ओतली की मधे उंच आणि कडेला खोलगट असा ढीग होतो. आमच्या चणाडाळीत मधला भाग कडेपेक्षा सुमारे १४ सेंटिमीटर वर राहतो. उलट खालून माल काढत गेलं की मधला भाग आधी खचतो आणि वर खळगा पडतो, जवळजवळ तेवढाच खोल. झाकणाचं भोक बरोबर मधे, त्यामुळे काठी नेहमी मधेच जाते. टेंपो आल्यावर लगेच मोजलं तर काठी शिगेच्या टोकावर टेकते आणि डाळ जास्त दिसते. शनिवारी रात्री, गिऱ्हाइकी झाल्यावर मोजलं तर ती खळग्यात जाते आणि डाळ कमी दिसते. हिशेब केला तर दोन्ही बाजूंना २१ किलो. म्हणजे माल तोच असताना फक्त वेळेमुळे ४२ किलोंचा झोका.

उपाय इतका सोपा निघाला की लाज वाटली. शंकूचं आकारमान त्याच तळाच्या आणि उंचीच्या नळकांड्याच्या एक तृतीयांश. म्हणून ढीग सपाट केला असता तर पातळी कुठे आली असती, हे काढायला कडेच्या मापाची दुप्पट करायची, त्यात मधलं माप मिळवायचं आणि तीननं भागायचं. कडेची खोली सी रकान्यात, मधली डी रकान्यात असेल तर सूत्र

(२ × सी + डी) ÷ ३

हे शिगेलाही चालतं आणि खळग्यालाही, वेगळं काही करावं लागत नाही. दोन मापं घ्यायचा कंटाळा असेल तर एकच घ्या, पण मधे नाही आणि कडेलाही नाही. मध्यापासून दोन तृतीयांश अंतरावर, म्हणजे आमच्या कोठीत कडेपासून १० सेंटिमीटर आत. तिथली पातळी सपाट केलेल्या पातळीइतकीच असते. आम्ही झाकणाला तिथे दुसरं भोक पाडलं. दुकानातला मुलगा आता डोळे मिटून मोजतो आणि बरोबर मोजतो.

गोणी एका बाजूनं ओतत असाल तर शीग कलती होते आणि हे सूत्र फसतं. तेव्हा चार दिशांना चार मापं घेऊन सरासरी काढा, किंवा मधे ओता. एरंडेल लावलेली तूरडाळ कोरड्या डाळीपेक्षा जास्त उभी राहते, तिची शीग उंच असते, त्यामुळे तिच्याबाबत ही काळजी अधिक.

काठीबद्दलही सांगते. नुसती काठी धान्यात रुतते, पिठात तर वीतभर आत जाते आणि मोजणारा कोण, त्याचा जोर किती, यावर आकडा बदलतो. आमच्या नोंदींत काकांनी मोजलेले आकडे कायम कमी यायचे, कारण ते काठी खुपसत. आता काठीच्या टोकाला लोणच्याच्या बरणीचं झाकण आडवं ठोकलंय, ते मालावर अलगद टेकतं. मोजायची ती वरून रिकामी जागा, आणि ती काठाच्या एकाच ठरलेल्या खुणेपासून, कारण पत्र्याचा काठ ठिकठिकाणी चेपलेला असतो.

फरक मालाच्या प्रमाणात : व्यास किंवा घनता

कोठी भरलेली असताना फरक मोठा आणि रिकामी होत आली की लहान, असं असेल तर गुणाकारात काहीतरी चुकलंय. इथे संशयित दोनच.

व्यास मोजताना टेप बाहेरच्या वळवलेल्या काठावर धरला की ६० चे ६३ होतात. तीन सेंटिमीटर किरकोळ वाटतात, पण व्यासाचा वर्ग होतो, त्यामुळे माल १० टक्के जास्त दिसतो. भरलेल्या कोठीचा व्यास हवा असेल तर सरळ भागाला टेप गुंडाळून घेर मोजा आणि ३.१४१६ नं भागा. आणि कृपा करून बघा की सूत्रात त्रिज्येच्या जागी व्यास तर घातलेला नाही ना. तसं असेल तर माल चौपट दिसतो, पण एवढी मोठी चूक कोणाच्या तरी डोळ्यांत भरतेच.

घनता म्हणजे लिटरला किती किलो. आमच्या शीटमध्ये चणाडाळ सोडून बाकी सगळ्या मालाला ०.७७ होतं. तो आकडा कुठून आला असेल याचा अंदाज आहे. अमेरिकेत गव्हाच्या एका बुशेलचं, म्हणजे ३५.२४ लिटरचं, प्रमाण वजन ६० पौंड, त्याचा हिशेब लिटरला ०.७७ किलो येतो. गव्हाला तो ठीकच आहे. डाळीला, पिठाला, साखरेला नाही.

स्वतः मोजा. एक बादली घ्या, काठोकाठ पाणी भरून तोला. पाण्याचे जितके किलो तितके लिटर. बादली पुसून कोरडी करा, त्यात माल भरा. दाबू नका, आपटू नका, वरून फळी फिरवून शीग काढा आणि तोला. बादलीचं वजन वजा करायला विसरू नका. तीनदा करा, सरासरी घ्या. नवीन लॉट आला की पुन्हा. व्यास चुकलाय की घनता, हे ओळखायलाही यानंच मदत होते. त्याच कोठीत माल बदलला आणि फरक तेवढाच टक्के राहिला तर कोठी चुकलीय. माल दुसऱ्या कोठीत नेला आणि फरक त्याच्याबरोबर गेला तर घनता चुकलीय.

पीठ हे वेगळंच प्रकरण आहे. गिरणीतून आलेली ताजी कणीक माझ्या १० लिटरच्या बादलीत सैल भरली तर पाच किलोच्या आसपास, आपटून भरली तर साडेसहा. कोठीत ती दिवसागणिक बसत जाते, पातळी खाली येते आणि शीटला वाटतं कोणीतरी पीठ नेलं. शिवाय पीठ झडपेवर कमान धरतं. वर कोठी भरलेली दिसते, आत पोकळी असते. लाकडी हातोडीनं बाहेरून ठोकून बघा, आवाज पोकळ आला तर मोजमाप थांबवा. वरून हात घालून किंवा वाकून कमान मोडायला जाऊ नका, मोठ्या गोदामाच्या कोठीत तर कधीच उतरू नका, सुटलेल्या धान्यात माणूस क्षणात गाडला जातो. बेसन आणि कणकेच्या दोन कोठ्यांचा मी नाद सोडला. त्या महिनाअखेरीला रिकाम्या करून तोलायच्या, असं ठरवून टाकलं. पातळ पोहे आणि चुरमुरे कोठीत घालतच नाही, गोण्या मोजतो.

शीटच्या स्वतःच्या खोड्या

या लवकर उरकते. आकड्यापुढे कोणी '४५ सेमी' लिहिलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि बेरीज त्याला गुपचूप वगळते. आमच्या शीटमध्ये मुलानं फोनवरच्या मराठी कळफलकावरून भरलेल्या अंकांचंही तेच झालं. ओळखायची खूण म्हणजे आकडे आपोआप उजवीकडे सरकतात, मजकूर डावीकडे. इंचाचे अपूर्णांक लिहिणाऱ्यांनी जपून. ५/८ लिहिलं की शीट त्याची तारीख करून टाकतं. एकक एकच ठेवा, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि आकारमानाला १००० नं भागलं की लिटर. आणि उत्तर १८७.३६ किलो असं दाखवू नका. आमच्या कोठीत एक सेंटिमीटर म्हणजे सव्वादोन किलो चणाडाळ, आणि काठीनं अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा बारीक कोणी मोजत नाही. मी पाच किलोंपर्यंत पूर्णांक करते. बँकेच्या साहेबाला आधी ते गोल आकडे संशयास्पद वाटले होते.

कोठी बरोबर, वही चूक

कधीकधी मोजणी ठीक असते आणि खरेदीची वही चुकते. गोणीची भरती ५० किलो लिहिली, पण ती बारदानासकट, म्हणजे रिकाम्या पोत्याच्या वजनासकट होती. तागाच्या गोणीचं बारदान अर्ध्या किलोच्या वर असतं. चाळीस गोण्यांमागे वीस-पंचवीस किलो इथेच जातात. पहिल्या भरणीच्या दोन-तीन गोण्या रिकाम्या करून बारदान तोला आणि निव्वळ वजनच वहीत उतरवा.

पावसाळ्यात उलटंही होतं. १२ टक्के ओलाव्याचं धान्य मुंबईच्या जुलैत १४ टक्क्यांवर गेलं तर १०० किलोंचे १०२.३ होतात, कोणी काही न घालता. तो फायदा समजू नका. ओलं धान्य फुगतं, बादलीतलं वजन बदलतं, आणि पोरकिड्यांना आमंत्रण जातं ते वेगळंच. जूनच्या शेवटी आणि ऑगस्टमध्ये बादली पुन्हा भरून बघायची, एवढं मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

या सगळ्यानंतर गेल्या महिनाअखेरीला चणाडाळीत फरक होता ४ किलोंचा, गव्हात ६, कोलममध्ये ३. काकांनी आकडे वाचले आणि काही बोलले नाहीत, आमच्याकडे हे कौतुकात मोडतं.

पाच नंबरच्या उडीदडाळीच्या कोठीत मात्र फरक ५, मग ९, मग १४ असा दर महिन्याला वाढतोय. वाढत जाणारा फरक सूत्राचा नसतो, म्हणून टॉर्च घेऊन घोडीखाली गेले. झडपेची पट्टी एका कोपऱ्यात झिजली आहे आणि भिंतीच्या बाजूला बोटभर डाळ सांडलेली आहे. तिच्यात कबुतराची दोन पिसं. पत्र्याचं काम करणारा शनिवारी येतो म्हणालाय, तोवर खाली परात ठेवली आहे आणि मागच्या झरोक्याला जाळी लावली आहे.